जुन्या घराचा इतिहास शोधताना: सातारा-सांगलीकडून वारंवार येणारे प्रश्न

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली आणि अजून घरच्यांनी राखलेली घरं सातारा, वाई, कराड, सांगली, मिरज, तासगाव या पट्ट्यात बरीच आहेत. त्या घरांतली माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथं एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमचं घर शंभर वर्षांचं आहे असं सगळे म्हणतात. नक्की साल काढायचं तर सुरुवात कुठून करू?

कपाटापासून करा, कचेरी नंतर. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, घरपट्टीच्या पावत्या, जुन्या पत्रांचे पाकिटासकट गठ्ठे, लग्नपत्रिका, जन्मपत्रिका हे सगळं आधी एका जागी आणा. त्यानंतर घर पाहा, जोत्यापासून आढ्यापर्यंत.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. "घराचं साल" असं एकच साल शोधू नका. या भागातली फारच थोडी घरं एका दमात उभी राहिली. पुढचा सोपा (ओसरी) एका पिढीचा, माडी दुसऱ्या पिढीची, न्हाणीघर कधीतरी मागाहून जोडलेलं, असंच बहुतेक ठिकाणी दिसतं. त्यामुळे साल सापडलं की ते कशाचं हेही लगेच लिहून ठेवा: जागेच्या खरेदीचं, जोत्याचं, छपराचं, की नुसत्या वाटणीचं. भावकीतले निम्मे वाद इथंच मिटतात, कारण बहुतेक वेळा दोघांचंही साल बरोबर असतं.

२. आमचं गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. मग जुने कागद सांगलीतच मिळतील ना?

मिळतीलच असं नाही. १९१० साली तुमच्या गावावर कोणाचा अंमल होता, हे आधी पाहावं लागतं. सातारचं राज्य इंग्रजांनी १८४८-४९ मध्ये खालसा केलं, त्यामुळे सातारा, वाई, कराड, पाटण, वाळवा, तासगाव हा भाग ब्रिटिश सातारा जिल्ह्यात होता. सांगली आणि मिरज ही मात्र पटवर्धनांची संस्थानं. मिरजेची तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं होती आणि धाकट्या पातीची राजधानी बुधगावला. औंध, आटपाडी, कुंडल पंतप्रतिनिधींकडे. जत आणि फलटण वेगळी. सांगली संस्थानाचा मुलूख तर इतका विखुरलेला, की मंगळवेढं आज सोलापूर जिल्ह्यात आणि तेरदाळ, शिरहट्टी कर्नाटकात गेली आहेत.

संस्थानं १९४८ च्या मार्चमध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. १ ऑगस्ट १९४९ ला "दक्षिण सातारा" हा जिल्हा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. म्हणून १९५५ च्या दस्तावर "जि. दक्षिण सातारा" दिसलं तर दस्त खोटा ठरत नाही. हा प्रश्न आम्हाला फार वेळा येतो.

ब्रिटिश अमलातल्या गावांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयातली जुनी सूची, ज्याला सगळे "इंडेक्स टू" म्हणतात, ती उपयोगी पडते. १९०८ च्या नोंदणी कायद्यानं शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराच्या खरेदीखताची नोंदणी सक्तीची होती. संस्थानी गावांची नोंदणी आणि दप्तर संस्थानाचं स्वतःचं होतं. तिथं भूमी अभिलेख कार्यालय आणि तहसीलचा अभिलेख कक्ष आधी पाहा, मग राज्य पुराभिलेखागाराची पुणे आणि कोल्हापूर इथली कार्यालयं.

३. मालमत्ता पत्रकावर पणजोबांचं नाव आहे. म्हणजे घर त्यांनीच बांधलं ना?

तसं होत नाही. मालमत्ता पत्रक सिटी सर्व्हेच्या मोजणीनंतर तयार होतं. मोजणीच्या वेळी जागा कोणाच्या ताब्यात होती, एवढंच ते सांगतं. घर त्याआधी वीस वर्षांपूर्वीचं असेल किंवा त्या वेळी तिथं नुसतं मोकळं परसू असेल. पत्रकाबरोबर चौकशी नोंदवहीची नक्कलही मागा. जागा वडिलोपार्जित, खरेदीची की सरकारी, हा निष्कर्ष कशावरून काढला ते तिच्यात दोन ओळींत सापडतं. या दोन ओळी पत्रकापेक्षा कामाच्या.

खेड्यातल्या गावठाणातल्या घरांना बहुधा सिटी सर्व्हे नंबर नसतो. तिथं ग्रामपंचायतीचा नमुना ८ हाच आधार. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून दिलेली नवी पत्रकं २०२० नंतरची आहेत, इतिहासासाठी त्यांचा उपयोग क्षेत्रफळापुरता.

४. माजघराच्या तुळईवर "साधारण नाम संवत्सरे" एवढंच कोरलंय, शके नाही. साल कसं काढायचं?

नावांचं चक्र साठ वर्षांचं असतं. साधारण संवत्सर शके १७७२, १८३२ आणि १८९२ ला आलं, म्हणजे साधारणपणे १८५०, १९१० आणि १९७० साली. घराचं बांधकाम पाहून यातलं कुठलं ते ठरतं. १८५० आणि १९७० ची घरं एकमेकांसारखी दिसत नाहीत, त्यामुळे गोंधळ सहसा होत नाही.

शके लिहिलेला असेल तर त्यात ७८ मिळवा. मात्र तिथी पौषाचा उत्तरार्ध, माघ किंवा फाल्गुनातली असेल तर इंग्रजी वर्ष उलटलेलं असतं, तेव्हा ७९. शके १८३२ ची अक्षय तृतीया मे १९१० मध्ये पडते, पण त्याच शकातली माघी चतुर्थी १९११ मध्ये. वास्तुशांत माघात झाली असेल तर हा एका वर्षाचा फरक हमखास पडतो. महसुली कागदावर फसली सन असतो, आपल्याकडे त्यात ५९० मिळवायचे. त्याचं वर्ष पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मे मधल्या नोंदीला ५९१.

५. छपराच्या कौलावर १८६५ असा छाप आहे. म्हणजे घर १८६५ चं?

नाही, आणि या पानावर सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला आणि ते साल कारखान्याची खूण म्हणून कौलावर छापलं जात राहिलं. आल्बुकर्क कंपनीच्या कौलांवरचं १८६८ ही तसंच, तेही स्थापनेचं वर्ष. कौल त्यानंतर कधीही पाडलेलं असू शकतं.

तरीही कौल अगदीच मुकं नसतं. पहिल्या महायुद्धात बासेल मिशनची मालमत्ता इंग्रज सरकारने ताब्यात घेतली आणि युद्धानंतर ते कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. छपरावर कॉमनवेल्थचं नाव असलेलं कौल मिळालं तर ते महायुद्धानंतरचं. शिडी लावून एखादंच कौल पाहू नका, चारही बाजूंची पाहा. दर पावसाळ्याआधी छपराची चाळण होत असे आणि फुटलेल्या कौलाच्या जागी मिळेल ते कौल बसवलं जात असे. एका छपरावर चार-पाच कारखान्यांचे छाप निघणं अगदी सर्रास आहे. ज्या बाजूला एकाच छापाची कौलं सलग आहेत, ती बाजू मूळची धरायला हरकत नाही.

६. कौलाशिवाय बांधकामातल्या आणखी कुठल्या वस्तू काळ सांगतात?

लोखंड आणि सिमेंट. भारतात सिमेंटचं नियमित उत्पादन १९१४ मध्ये पोरबंदरला सुरू झालं. त्याआधी परदेशी सिमेंट यायचं, पण आपल्याकडच्या घरबांधणीत चुनाच चालायचा. बैल जुंपलेल्या घाणीत मळलेल्या चुन्याच्या भिंतीवर मध्येच सिमेंटची करडी पट्टी दिसली तर ती बहुधा नंतरची दुरुस्ती. गर्डरवरचा ठसा खडूनं घासून वाचा. विलायती डॉर्मन लाँगचे गर्डर खूप ठिकाणी आहेत. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद १९१२ पासून निघू लागलं, म्हणून टाटांचा ठसा असलेला गर्डर त्याआधीचा असूच शकत नाही.

देवघरातल्या तसबिरींची चौकट सैल असेल तर चित्राची खालची कड पाहा. रविवर्मा प्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि १८९९ च्या सुमारास मळवलीला हलला. कडेला कार्ला किंवा लोणावळ्याचं नाव असेल तर चित्र त्यानंतरचं. अर्थात तसबीर माहेराहूनही आलेली असते, त्यामुळे भिंतीचं वय तिच्यावरून काढू नये.

७. आमचे खांब सुरूच्या आकाराचे, वर केळफुलाची नक्षी. मग घर पेशवाईतलं नाही का?

खांब पेशवाईतले असतील, घर नसेल. पडलेल्या वाड्याचं सागवान लिलावात घेऊन नवं घर बांधणं ही अगदी रुळलेली रीत होती. सागवान महाग, जुनं लाकूड मुरलेलं आणि सुतारही तेच पसंत करायचे.

ओळखायचं कसं? खांबाच्या अंगाला बोट फिरवत जा. जिथं काहीच बसलेलं नाही अशा मोकळ्या खाचा किंवा लाकडी खुंटी मारून बुजवलेली भोकं लागली, तर तो खांब आधी दुसरीकडे उभा होता. तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, खांबापेक्षा मोठा किंवा लहान असणं ही दुसरी खूण. तिसरी म्हणजे उंची: खांब आखूड पडला म्हणून खाली दगडाची ठोकळी सरकवलेली असते. शेजारच्या खांबाला ती नसते आणि पाहुणा पहिल्यांदा तिलाच ठेचकाळतो.

८. कागद मोडीत आहेत. १९३० चा कागद मोडीत कसा काय?

मोडी पेशवाईबरोबर संपली हा गैरसमज आहे. खाजगी हिशेब, दस्त आणि संस्थानी कारभारात ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होती. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. घरातल्या कुणी एकानं शिकून घेतली तर उत्तमच, कारण आपल्या आडनावाची आणि गावाची अक्षरं एकदा ओळखीची झाली की बाकीचा मजकूर उलगडायला लागतो. वाचून घ्यायला बाहेर द्यायचे असतील तर मूळ कागद हातचा सोडू नका, फोटो द्या.

मजकूर लागेपर्यंत मुद्रांकाकडे पाहा. ब्रिटिश मुद्रांकावर सातवा एडवर्ड असेल तर तो १९०१ ते १९१० मधला, पाचवा जॉर्ज असेल तर १९१० ते १९३६. सांगलीसारख्या संस्थानांचे मुद्रांक स्वतःचे असत, त्यांना हा हिशेब लागू नाही.

९. वाटणीपत्रात "पूर्वेकडील सोप्यातील दोन खण" असं लिहिलंय. हे खण म्हणजे किती?

दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. ते घरागणिक बदलतं, त्यामुळे फुटांत उत्तर नाही. पण वाटणीपत्राची गंमत इथंच आहे. हातात कागद घेऊन घरात फिरा आणि खांब मोजा. कागदावर सोपा पाच खणांचा आणि आज चारच भरत असतील तर एक खण कुठं गेला? बहुधा तिथं भिंत घालून खोली झालेली असते, किंवा रस्तारुंदीत तो भाग गेलेला असतो. चतुःसीमेतल्या शेजाऱ्यांची नावंही टिपून घ्या. "उत्तरेस अमक्याचे घर" या ओळीवरून शेजाऱ्याच्या घराचाही माग लागतो आणि कधीकधी आपल्या घराचा कागद त्यांच्याकडे निघतो.

घरातल्या बायकांचा कागदोपत्री उल्लेख जिथं सापडतो ती जागाही हीच. विधवा काकूला अन्नवस्त्र आणि तहहयात राहायला एक खण, अशी कलमं जुन्या वाटणीपत्रांत असतात. मालक म्हणून जिचं नाव कुठंही नाही, ती कुठल्या खोलीत राहिली, तिची चूल वेगळी होती का, विहिरीवर तिचा हक्क होता का, हे त्या कलमातून कळतं. आम्हाला विचाराल तर घराच्या इतिहासातला सर्वांत बोलका मजकूर हाच, आणि स्मरणिकेत नेमका तोच गाळला जातो.

१०. घरातले सगळे कागद १९४८ मध्ये जळाले. आता काहीच करता येणार नाही का?

गांधीजींच्या हत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, त्यात दप्तरंही गेली. पुष्कळ कुटुंबं त्यानंतर पुण्या-मुंबईला निघून गेली. घर उभं राहिलेलं असेल तर आगीच्या खुणा अजून दिसतात: तुळईचा काळवंडलेला कोपरा, एकाच दालनाचं वेगळं छप्पर.

घरातला कागद गेला तरी त्याची दुसरी प्रत बऱ्याचदा बाहेर असते. नोंदणीकृत दस्ताची नक्कल निबंधकाकडे असते (प्रश्न २). शाळेचं जनरल रजिस्टर पाहा. साताऱ्याच्या हायस्कूलमध्ये ७ नोव्हेंबर १९०० रोजी "भिवा रामजी आंबेडकर" ही नोंद झाली ती आजही आहे, मग तुमच्या आजोबांचीही असू शकते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत गाव, कुळी आणि आलेल्या माणसांची नावं मिळतात, काही वेळा त्यांच्या स्वतःच्या अक्षरात. लेकींच्या सासरी विचारा. माहेरची पत्रं त्यांनी जपून ठेवलेली असतात आणि पाकिटावर घराचा त्या काळचा पत्ता असतो.

११. माडी होती असं आजी सांगायची, पण आज घर एकमजली आहे. माडी कुठं गेली?

सातारा, कराड, पाटणकडचं घर असेल तर पहिला संशय ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपावर घ्या. पहाटे सव्वाचारच्या पुढं झालेल्या त्या धक्क्यात दगडमातीच्या भिंती फुगल्या, कोपरे उघडले. पुष्कळांनी मग माडी उतरवून वर पत्रा टाकला. जिन्याची तोंडं बुजवलेली, भिंतीत वरच्या बाजूला अर्धवट खुंट्या, कुठंच न उघडणारी खिडकी या माडीच्या खुणा.

सांगलीत कारण बहुधा पाण्याचं. गावभागातल्या घरांनी कृष्णेचे किती पूर पाहिले याची गणती नाही. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तिथं धोक्याची पातळी ४५ ची आहे. पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची (कच्च्या विटांची) भिंत आठवडाभर पाण्यात राहिली की खालून सुटते. त्यामुळे पूरपट्ट्यातल्या घरात खालची भिंत नवी आणि वरची जुनी असा उलटा क्रम सापडतो.

१२. पुरात भिजलेली दप्तरं गॅलरीत उन्हात वाळत घातली आहेत. बरोबर आहे ना?

आधी सावलीत आणा. उन्हात कागद आक्रसतो आणि शाई फिकी पडते. पंख्याच्या वाऱ्यावर, कोऱ्या वर्तमानपत्री कागदावर सुटी पानं पसरा, ओला कागद दोन-तीन तासांनी बदला. पानं चिकटली असतील तर ओढू नका. दोन दिवसांत बुरशी धरते, तेवढ्यात सगळं उरकणार नसेल तर गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि सवडीनं थोडा थोडा काढा. हसतात लोक, पण जतनाचं काम करणारे हेच करतात. वाळल्यावर लॅमिनेशन मुळीच करू नका, ते परत सुटत नाही.

१३. तळघरातून अजिंक्यताऱ्यापर्यंत भुयार जातं असं ऐकलंय. शोधता येईल का?

सांगलीकर हाच प्रश्न गणेशदुर्गाबद्दल विचारतात, वाईकर मेणवलीबद्दल. साताऱ्याच्या पोटात काळा कातळ आहे आणि तो फोडत कोणी एखाद्या सावकाराच्या माजघरापर्यंत येणार नाही. ज्याला भुयार म्हणतात ते बहुतेक वेळा तळघर, भिंतीतलं बळद (धान्य साठवायची पोकळी) किंवा पेव (जमिनीखालचं धान्याचं कोठार) असतं. पेवात उतरू नका, विनोद बाजूला ठेवून सांगतो. बंद पेवात प्राणवायू संपलेला असतो आणि माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. झाकण उघडलं असेल तर कुंपण करा, मुलांना लांब ठेवा.

१४. प्रतिसरकारच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटील आमच्या माळ्यावर राहिले होते. पुरावा कसा मिळवू?

बहुधा मिळणार नाही, कारण पुरावा राहू नये हीच तेव्हाची खबरदारी होती. १९४३ ते १९४६ या काळात भूमिगतांना आसरा देणाऱ्या घरांनी काही लिहून ठेवलं नाही. स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनाच्या अर्जांना जोडलेल्या जबान्यांत घरांचे उल्लेख येतात, तेवढा एक मार्ग. नाहीतर आठवण आठवण म्हणूनच लिहा: कोणी सांगितली, कोणाला, केव्हा, सांगणाऱ्यानं स्वतः पाहिलं होतं की ऐकलं होतं. भिंतीवर फलक लावायची घाई करू नका. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा सांगलीचा तुरुंग फोडून निघाले, त्यानंतर ते "आमच्याच घरी आले" असं सांगणारी घरं एका रात्रीत मावणारी नाहीत.

१५. शंभर वर्षं झाली म्हणजे घर आपोआप हेरिटेज होतं का? मग दुरुस्तीला परवानगी लागेल?

आपोआप काही होत नाही. सरकारने अधिसूचना काढून संरक्षित केलेली घरं वेगळी, जसं नायगावचं सावित्रीबाई फुले यांचं घर. बाकी घरांना पालिकेच्या बांधकाम नियमांपुरतीच परवानगी लागते. तुमच्या पालिकेची वारसा यादी असेल तर त्यात नाव आहे का, एवढं विचारून घ्या.

दुरुस्तीत एक सांभाळा. चुन्यामातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. भिंतीतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि ती लाकडात शिरते. दोन-चार वर्षांत तुळईची टोकं कुजतात, तोवर कंत्राटदाराचा फोन लागत नाही.

१६. घर उतरवावंच लागणार आहे. खांब आणि दरवाजे विकले तर चालतं का?

इथं १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येऊ शकतो. शंभर वर्षांपेक्षा जुनी, इमारतीतून सुटी केलेली कोरीव वस्तू त्याच्या व्याख्येत बसते आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची. देशात विकायची तर व्यापारी परवानाधारक आहे का ते पाहा आणि सौद्याआधी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला विचारा. साधे, बिननक्षीचे वासे आणि फळ्या यात येत नाहीत.

विकण्याआधी प्रत्येक खांबाचा जागेवरच फोटो काढा, नकाशावर क्रमांक घाला. खांब सुटा झाला की तो कुठल्या सोप्यातला हे सांगणारं काही उरत नाही. आणि मालमत्ता पत्रकावर जेवढी नावं आहेत तेवढ्यांची लेखी संमती घ्या, आत्यांची आणि बहिणींची धरून.

१७. घराची स्मरणिका काढतोय. कोर्टकज्जे आणि भाऊबंदकी लिहावी का?

निकाल लागलेला दावा हा सार्वजनिक दस्त असतो आणि घराच्या वाटण्या त्याशिवाय समजतही नाहीत, म्हणून लिहा. निकालपत्रातला मजकूर तारखेसकट द्या, त्यावर शेरे मारू नका. हयात माणसांबद्दल असेल तर आधी त्यांना वाचायला द्या. मालमत्ता पत्रक, मृत्युपत्र यांचे पूर्ण फोटो छापू नका आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकूही नका, ते फिरत फिरत कुठं जातील सांगता येत नाही. हवा तेवढा उतारा टाइप करून घ्या. मूळ कागद सध्या कोणाच्या घरी आहेत, हे मात्र शेवटच्या पानावर नावानिशी नोंदवा.